फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत येणारे बिनबोलावलेले पाहुणे

(वर्धा येथे तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुलगाव, हिंगणघाट, आर्वी, देवळी, सेलू अशा ठिकाणांहून आज तुम्ही सुट्टीचा दिवस मोडून आलात, त्याबद्दल आधी शुक्रिया. मी मूळचा पुलगावचा. इंजिनीअरिंगची डिग्री घेतली आणि आता बारा वर्षे पुण्यात सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करतो. मोठमोठ्या गोष्टी सांगायला मी आलेलो नाही. गावी आलो की दर वेळी माझ्यासमोर दोन-तीन लॅपटॉप ठेवले जातात आणि एकच तक्रार असते, ‘भाई, स्लो झालाय. काही उघडलं की जाहिरात येते. गूगल उघडलं की दुसरंच काहीतरी उघडतं.’ आजचा विषय हाच आहे. फुकट म्हणून आपण एखादा प्रोग्राम उतरवतो आणि त्याच्यासोबत न मागितलेले आणखी तीन प्रोग्राम येऊन बसतात. ते कसे येतात, कोण पाठवते, त्यांना कसे काढायचे आणि ते येऊच नयेत म्हणून काय करायचे, एवढेच मी सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, थोड्या जाहिराती दिसल्या तर बिघडले काय? आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरांत स्वतःचा कॉम्प्युटर नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, नोकरीचा फॉर्म, हजचा अर्ज, ही सगळी कामे मोहल्ल्यातल्या एखाद्या ऑनलाइन सेंटरवर किंवा ज्याच्याकडे लॅपटॉप आहे अशा मुलाकडे होतात. त्या एका मशीनमध्ये शंभर घरांची आधार कार्डे, बँक पासबुके, मुलींचे फोटो आणि मार्कशीट असतात. म्हणजे ते मशीन एकट्या मालकाचे राहत नाही. ती लोकांची अमानत आहे. तिथे कोण बसून पाहते आहे हे मालकाला ठाऊक नसेल, तर नुकसान शंभर घरांचे होते.

पाहुणे आत कसे येतात?

समजा तुम्हाला पीडीएफ जोडण्यासाठी एक प्रोग्राम हवा आहे. तुम्ही शोधता. पहिल्या दोन-तीन ओळी बहुतेक वेळा जाहिरातीच्या असतात. तुम्ही त्यातली एक उघडता. पानावर तीन हिरवी बटणे दिसतात आणि तिन्हींवर ‘डाउनलोड’ लिहिलेले असते. त्यातली दोन जाहिराती असतात, खरे बटण खाली बारीक अक्षरांत असते. फाइल उतरते, तुम्ही ती चालवता आणि ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’, ‘आय अ‍ॅग्री’, ‘फिनिश’ असे दाबत जाता. मधल्या दोन पडद्यांवर काय विचारले होते, हे शंभरातल्या नव्वद जणांना सांगता येणार नाही.

त्या पडद्यांवर तीन युक्त्या असतात. पहिली, आधीच टिक केलेली चौकट. ‘हा टूलबारही बसवा’, ‘हे होमपेज ठेवा’ याला तुमच्या वतीने होकार देऊन ठेवलेला असतो. दुसरी, ‘एक्स्प्रेस’ किंवा ‘रेकमेंडेड’ हा पर्याय ठळक ठेवतात आणि ‘कस्टम’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हा फिकट. खरी यादी त्या फिकट पर्यायात लपलेली असते. तिसरी युक्ती ‘अ‍ॅक्सेप्ट’ आणि ‘डिक्लाइन’ची. ‘डिक्लाइन’ राखाडी रंगात ठेवतात, म्हणजे ते दाबता येत नाही असे वाटावे, किंवा ते दाबले तर मूळ प्रोग्रामच बसणार नाही असे वाटावे. प्रत्यक्षात ते दाबता येते आणि मूळ प्रोग्रामही नीट बसतो.

म्हणूनच अँटिव्हायरस कंपन्या याला सरळ ‘व्हायरस’ म्हणत नाहीत, ‘कदाचित नको असलेला प्रोग्राम’ असे लांबलचक नाव देतात. कारण कागदोपत्री तुम्ही ‘होय’ म्हटलेले असते. चोर कुलूप तोडून आला तर तो चोर. पण दार तुमच्याच हाताने उघडून घेतले, तर तो म्हणतो, मला बोलावले होते. सगळा धंदा या एका फटीवर उभा आहे.

यात पैसा कोणाला मिळतो?

याला ‘पे पर इन्स्टॉल’ म्हणतात. एखाद्या कंपनीला आपला टूलबार किंवा सर्च पान लोकांच्या मशीनवर हवे असते. ती मधल्या दलालाला पैसे देते. दलाल लोकप्रिय फुकट प्रोग्रामच्या इन्स्टॉलरमध्ये ते घुसवतो आणि प्रत्येक यशस्वी इन्स्टॉलमागे वाटा देतो. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये या धंद्याचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका इन्स्टॉलमागे सुमारे १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत भाव मिळत होता, आणि गूगलची सुरक्षा यंत्रणा अशा डाउनलोडबद्दल दर आठवड्याला ६ कोटींहून जास्त इशारे देत होती. त्याच काळातल्या खऱ्या व्हायरसबद्दलच्या इशाऱ्यांच्या हे जवळपास तिप्पट होते.

हे फक्त कुठल्यातरी अनोळखी साइटवर होते असे समजू नका. २०११ च्या डिसेंबरमध्ये डाउनलोड डॉट कॉम या त्या वेळच्या नावाजलेल्या साइटने ‘एनमॅप’ हा नेटवर्क तपासण्याचा मोफत प्रोग्राम आपल्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळून, सोबत टूलबार लावून दिला. एनमॅपच्या लेखकाने जाहीर आक्षेप घेतला, तेव्हा ते जगाला कळले. सोर्सफोर्ज ही मुक्त सॉफ्टवेअरची जुनी जागा. २०१५ मध्ये तिथे ‘गिंप’ या फोटो संपादनाच्या प्रोग्रामचे खाते साइटने स्वतःच्या ताब्यात घेतले आणि त्याच्या विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातींची जोड दिली. खूप ओरड झाली. २०१६ च्या सुरुवातीला मालक बदलले आणि नव्या मालकांनी तो कार्यक्रम बंद केला. जावा बसवताना ‘आस्क’ टूलबार यायचा, हे तुमच्यातल्या थोरल्यांना आठवत असेल. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्या जुन्या आवृत्त्यांना नको असलेल्या सॉफ्टवेअरच्या यादीत टाकले.

नव्या कोऱ्या लॅपटॉपमध्येही पाहुणे निघाले आहेत. २०१४ च्या अखेरीस लेनोवोच्या काही लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ नावाचा प्रोग्राम कारखान्यातूनच येत होता. खरेदीच्या जाहिराती दाखवण्यासाठी तो बँकेच्या सुरक्षित पानांच्याही मध्ये बसत होता. त्यासाठी त्याने मशीनमध्ये स्वतःचे प्रमाणपत्र घातले होते आणि सर्व लॅपटॉपवर त्याची किल्ली एकच होती. म्हणजे ती किल्ली एकाने काढली की सगळ्यांची दारे उघडी. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झाले आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आयोगाशी कंपनीला समझोता करावा लागला.

आपल्या देशाचा हिशेब

आता भारताकडे या. १ जून २०१७ रोजी चेकपॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’बद्दल अहवाल दिला. बीजिंगच्या राफोटेक नावाच्या कंपनीचे हे काम होते. ‘डील वायफाय’, ‘मस्टँग ब्राउझर’ यांसारख्या फुकट प्रोग्रामला चिकटून ते यायचे, ब्राउझरचे होमपेज आणि सर्च बदलायचे आणि लोकांना खोट्या सर्च पानावर न्यायचे. चेकपॉइंटच्या अंदाजाप्रमाणे जगभर २५ कोटी मशीन बाधित होती आणि त्यांपैकी २ कोटी ५३ लाख भारतात. म्हणजे जगातल्या दर दहा मशीनमागे एक आपले. मायक्रोसॉफ्टने नंतर म्हटले की हा आकडा फुगलेला आहे, खरा प्रसार कमी होता. आकडा थोडा कमी धरा. तरी चिंतेची गोष्ट तीच राहते. फायरबॉलला त्या मशीनवर आणखी कोणताही प्रोग्राम उतरवून चालवता येत होता. आज तो जाहिरात दाखवतो. उद्या मालकाने ठरवले तर पासवर्ड उचलेल. दार उघडे आहे आणि आत काय पाठवायचे हे तो ठरवतो.

दुसरी गोष्ट व्हीएलसीची. व्हिडिओ पाहायला आपण सगळे हा प्लेअर वापरतो. तो फ्रान्समधल्या व्हिडिओलॅन या ना-नफा संस्थेचा आहे. त्याचे प्रमुख जाँ-बाप्तिस्त केम्फ यांनी टूलबार आणि जाहिराती जोडण्यासाठी आलेल्या मोठ्या रकमा नाकारल्या, म्हणून तो आजही स्वच्छ आहे. पण २०२२ च्या सुरुवातीला भारतात त्याची मूळ साइटच बंद झाली आणि इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात ज्याला व्हीएलसी हवा होता त्याने काय केले असेल? नाव टाकून शोधले असेल आणि जी साइट उघडली तिथून घेतला असेल. मूळ दुकान बंद असले की माणूस फेरीवाल्याकडून घेतो आणि पुडीत काय आहे हे त्याला कळत नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातला प्रसंग सांगतो. हिंगणघाटला माझ्या ओळखीचे एक चाचा झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे दुकान चालवतात. नाव सांगत नाही. मेहनती माणूस आहे. त्यांच्या मशीनवर कोणीतरी मराठी टायपिंगसाठी एक फुकट प्रोग्राम टाकला होता. त्यानंतर ब्राउझरचे सर्च बदलले. चाचा पत्ता टाइप करत नव्हते, नाव टाकून शोधत होते. एका मुलीच्या अर्जासाठी त्यांनी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचे नाव टाकले. वर जी साइट आली ती सरकारी पानासारखी दिसणारी पण खाजगी होती. तिथे तिचे नाव, मोबाइल, आधार क्रमांक भरला गेला आणि ‘नोंदणी शुल्क’ म्हणून ४९९ रुपये गेले. अर्ज मात्र भरलाच गेला नव्हता. शेवटच्या तारखेला दोन दिवस उरले असताना तिच्या भावाने पोर्टलवर पाहिले, म्हणून वर्ष वाचले. ४९९ रुपयांचे दुःख नाही. त्या मुलीचा आधार क्रमांक आता कुठे फिरतो आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. आणि चाचांचा यात काही दोष होता असे मला वाटत नाही. त्यांना कोणी हे सांगितलेच नव्हते.

मोबाइलमध्येही तेच

मोबाइलवर ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ नसते, पण गाठोडे तिथेही असते. अ‍ॅप बनवणारा दुसऱ्या कंपनीने दिलेला कोडचा तुकडा आपल्या अ‍ॅपमध्ये टाकतो आणि त्याबद्दल पैसे घेतो. हा तुकडा तुम्हाला कोणत्याच पडद्यावर दिसत नाही.

हे आपल्याला थेट लागू आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये मदरबोर्ड या वृत्तसंस्थेने उघड केले की नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणारे ‘मुस्लिम प्रो’ हे अ‍ॅप वापरणाऱ्यांच्या ठिकाणाची माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होती, आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी सैन्यासाठी काम करणारे ठेकेदार होते. अ‍ॅपच्या कंपनीने सैन्याला माहिती विकल्याचा इन्कार केला आणि एक्स-मोडशी संबंध तोडले. एप्रिल २०२२ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने दुसरी बातमी दिली. सर्ज एगेलमन आणि जोएल रिअर्डन या संशोधकांना मेझरमेंट सिस्टिम्स या पनामातल्या कंपनीचा कोड अनेक अ‍ॅपमध्ये सापडला. त्यात अजान आणि किब्ल्याची अ‍ॅपही होती, एक तर १ कोटीहून जास्त वेळा उतरवलेले. हा कोड फोन नंबर, ईमेल आणि ठिकाण गोळा करत होता. गूगलने ती अ‍ॅप काढली आणि तो कोड काढून टाकल्यावरच परत येऊ दिली.

मी तुम्हाला घाबरवत नाही. नमाजची वेळ पाहण्यासाठी अ‍ॅप वापरू नका असेही म्हणत नाही. एवढेच म्हणतो की वेळ सांगायला शहराचे नाव पुरते. किब्ल्याला ठिकाण लागते, पण तेही ‘अ‍ॅप वापरत असतानाच’ एवढेच द्या. एखादे अ‍ॅप तुमचे कॉन्टॅक्ट मागत असेल, तर त्याला विचारा, भाई, अजान द्यायला माझ्या फूफीचा नंबर कशाला हवा?

पाहुणे घरात शिरलेच असतील तर

आता कामाचे बोलू. विंडोजवर या क्रमाने करा. घाई करू नका.

पहिले काम, त्या मशीनवरून बँकेचे, यूपीआयचे किंवा लोकांच्या फॉर्मचे काम थांबवा. तुमची कागदपत्रे, फोटो, पीडीएफ पेनड्राइव्हवर काढून घ्या. इन्स्टॉलरच्या फाइल घेऊ नका.

दुसरे, सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी उघडा आणि ती तारखेप्रमाणे लावा. त्रास ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवशी काय-काय बसले ते दिसेल. ज्याचे नाव तुम्ही ओळखत नाही ते आधी शोधून पाहा, मग काढा. काढतानाही पडदे वाचा. ‘काढण्याऐवजी हे बसवा’ असे विचारणारे महाभाग आहेत.

तिसरे, ब्राउझर. एक्स्टेंशनची यादी उघडा आणि जे तुम्ही टाकलेले नाही ते काढा. सर्च इंजिन आणि होमपेज पाहा. नोटिफिकेशनच्या परवानग्या पाहा. ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे सांगून ही परवानगी घेतात आणि मग कोपऱ्यात ‘तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे’ असे खोटे इशारे येत राहतात. शेवटी ब्राउझर रीसेट करा. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चिन्हाची प्रॉपर्टीजही उघडून पाहा. कधी-कधी प्रोग्रामच्या नावापुढे एखादा पत्ता चिकटवलेला असतो, म्हणून रीसेट करूनही तेच पान उघडते. घरच्या मशीनवर क्रोम ‘तुमची संस्था हा ब्राउझर चालवते’ असे सांगत असेल, तर कोणीतरी आत नियम घालून ठेवले आहेत का, हे तपासलेच पाहिजे.

चौथे, टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ पाहा. मशीन सुरू होताना काय-काय उठते ते तिथे कळते. अनोळखी असेल ते बंद करा. टास्क शेड्युलरही पाहा. काढलेला प्रोग्राम दुसऱ्या दिवशी परत येतो तो बहुतेक तिथून.

पाचवे, विंडोजमधल्या डिफेंडरने पूर्ण तपासणी करा. त्यात ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. मशीन बंद होऊन सुरू होते आणि विंडोज पूर्ण उठण्याआधी तपासणी होते. त्यानंतर दुसरे मत म्हणून मालवेअरबाइट्सचे ‘अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर’ चालवा. ते याच कामासाठी आहे आणि मोफत आहे, पण त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. आपल्या सरकारचे ‘सायबर स्वच्छता केंद्र’ फेब्रुवारी २०१७ पासून आहे. तिथेही स्वच्छतेची मोफत साधने मिळतात.

सहावे, पासवर्ड. ते त्याच मशीनवर बदलू नका. मशीन साफ आहे याची खात्री असलेल्या दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाइलवरून बदला. आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचे. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या नंबरला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

एवढे करूनही त्रास गेला नाही, तर झगडत बसू नका. कागदपत्रे बाजूला काढा आणि विंडोज नव्याने बसवा. ज्या मशीनवर लोकांची कामे होतात, त्यावर थोडीही शंका असेल तर मी हेच सांगेन.

मुळात कमी उतरवा

सर्वांत चांगला उपाय म्हणजे न उतरवणे. आपण ज्या गोष्टींसाठी फुकट प्रोग्राम शोधत फिरतो, त्यातल्या निम्म्या मशीनमध्ये आधीच असतात.

मराठी टायपिंग घ्या. गूगलचे विंडोजसाठीचे ऑफलाइन इनपुट टूल गूगलने कधीच बंद केले. आज त्या नावाने जे मिळते ते गूगलकडून मिळत नाही. गरजही नाही. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपासून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ उघडा, मराठी भाषा जोडा, कीबोर्ड निवडा. विंडोजचे बटण आणि स्पेस दाबले की भाषा बदलते. उर्दूही तशीच जोडता येते, आणि नस्तालिक हवे असेल तर गूगल फॉन्ट्सवर ‘नोटो नस्तालिक उर्दू’ मोफत आहे.

पीडीएफ वाचायला ब्राउझर पुरतो. पीडीएफ बनवायला प्रिंट दाबा आणि प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडा. फॉर्मसाठी फोटो लहान करायला पेंट आहे. झिप फाइल विंडोज स्वतः उघडते. ‘ड्रायव्हर अपडेटर’, ‘पीसी क्लीनर’, ‘रॅम बूस्टर’ यांतले काहीही लागत नाही. ऑफिसच्या कामाला लिब्रे ऑफिस आहे. मोफत आहे, कायदेशीर आहे आणि मराठीतही चालते.

जे उतरवावेच लागेल ते बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरून घ्या. शोधताना वरच्या जाहिराती सोडा. पत्ता वाचा. विंडोजमध्ये फाइलच्या नावाचे शेपूट दिसू द्या, ते मुळात लपवलेले असते. फॉन्ट उतरवला आणि फाइलच्या शेवटी डॉट ईएक्सई असेल, तर तो फॉन्ट नाही. पुस्तक, प्रश्नपत्रिका, निकाल यांच्या शेवटीही ईएक्सई असण्याचे कारण नाही. बसवताना ‘कस्टम’ निवडा आणि प्रत्येक पडदा वाचा. शिवाय विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’ या भागात नको असलेली अ‍ॅप अडवण्याची सोय आहे. ती चालू आहे की नाही, आज घरी जाऊन पाहा.

‘क्रॅक’बद्दल एक स्पष्ट बोलतो. विंडोज, फोटोशॉप, इनपेज यांच्या चोरीच्या प्रती आणि ते सुरू करणारे ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ आपल्याकडे सर्रास चालतात. ते बसवताना पहिली सूचना असते, ‘अँटिव्हायरस बंद करा’. घरात येणारा माणूस आधी कुत्र्याला बांधायला सांगत असेल, तर त्याला आत घेऊ नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुने मशीन विंडोज ११ घेत नसेल तर लिनक्स मिंट बसवा. फॉर्म भरायला, टायपिंगला, अभ्यासाला ते पुरेसे आहे.

कायदा काय म्हणतो?

कायदा आपल्या बाजूने आहे, फक्त वापरला जात नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये घातक कोड घालण्याला मनाई करते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात फसवणुकीच्या १३ पद्धती सांगितल्या आहेत. न मागता वस्तू टोपलीत टाकणे, एखादी गोष्ट घेताना दुसरी घ्यायला भाग पाडणे, नको ते बटण फिकट करणे, वेशांतर केलेली जाहिरात, हे सगळे त्यात आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ सांगतो की संमती मोकळेपणाने, माहिती देऊन आणि स्पष्ट कृतीने घेतलेली हवी. आधीच टिक केलेल्या चौकटीला या अर्थाने संमती कोण म्हणेल? ग्राहक म्हणून तक्रार करायची असेल तर १९१५ हा नंबर आहे.

शेवटचे दोन शब्द

ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली होती. गांधीजी अध्यक्ष होते. तिथे जी समिती नेमली गेली तिचे प्रमुख होते डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे देशाचे राष्ट्रपती झाले. त्या समितीच्या आराखड्याला ‘वर्धा योजना’ म्हणतात आणि देश त्याला नई तालीम म्हणून ओळखतो. त्यातला मुद्दा साधा होता. मुलाने हाताने काम करत शिकावे आणि ज्या साधनाने तो काम करतो ते साधन त्याला समजलेले असावे. तेव्हा टकळी आणि चरखा होता. आज लॅपटॉप आहे. आपण ते साधन दिवसभर वापरतो, पण आत काय चालले आहे हे विचारत नाही. ते विचारणे हीच आजची तालीम आहे.

इथे इंजिनीअरिंग आणि बीसीए करणारी मुले-मुलीही बसली आहेत. उद्या तुम्हीही सॉफ्टवेअर लिहाल. कोणीतरी म्हणेल, तुझ्या अ‍ॅपमध्ये आमचा हा छोटा तुकडा टाक, दर इन्स्टॉलमागे इतके मिळतील. मलाही असे विचारले गेले आहे. अशा वेळी एकच प्रश्न विचारा. हा तुकडा काय करतो हे मी वापरणाऱ्याला मोठ्या अक्षरांत, त्याच्या भाषेत सांगू शकतो का? सांगू शकत असाल तर सांगा आणि टाका. लपवावे लागत असेल तर टाकू नका. ज्या टिक केलेल्या चौकटीबद्दल आपण आज तक्रार करतो आहोत, तीही कोणातरी इंजिनीअरनेच लिहिलेली असते.

एक काम आज ठरवूनच उठू या. प्रत्येकाने या महिन्यात दोन मशीन तपासायची. एक घरचे आणि एक मोहल्ल्यातल्या सेंटरचे. सेंटरवाल्या चाचांना किंवा आपांना दोष देत जाऊ नका, त्यांच्या शेजारी बसून त्यांच्यासोबत करा. शिष्यवृत्ती, दाखले, बँक यांचे खरे पत्ते बुकमार्क करून द्या, म्हणजे शोधावेच लागणार नाही. ‘कस्टम’ कुठे असते ते दाखवा. तासाभराचे काम आहे. अर्जांचा हंगाम सुरू होण्याआधी एवढे झाले, तर कितीतरी मुलांची कागदपत्रे नको त्या हातांत जाणार नाहीत.

आता तुमचे प्रश्न घेतो. ज्यांनी लॅपटॉप आणले आहेत त्यांनी पुढे या, एक मशीन आपण इथेच सगळ्यांसमोर साफ करू.